समजूतदार

दुपारी तान्ही रेवा झोपली की मृण्मयी गॅलरीत मांडी घालून बसायची. मांडीवर वाचनपाटी, कठड्यावर डबीएवढा बाळकर्णा. रस्त्याच्या गोंगाटापायी झोपायची खोली दुहेरी काचांनी आवाजबंद करून घेतली होती. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत पोचवायचं ते या कर्ण्यानंच. हल्ली त्यातून नुसते गोड हुंकार यायचे. संध्याकाळी पोरीचा घसा तेवढा बसलेला असायचा. हवा बदललीय, असं सगळे म्हणायचे.

"गुणाची गं माझी ती," म्हणत मृण्मयी पान उलटायची.

यंत्रांचं वेड तिला लहानपणापासून. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बिघडलेले कॉम्प्युटर ती खोलून बसायची. ही पाटीही तिनंच निवडलेली. वाचणाऱ्याची नाडी बोटांतून ओळखायची, डोळे थकले की अक्षर मोठं करायची. पाटी एवढंच करते, असं तिला वाटत होतं.

कादंबरी संपली आणि केतकीचा फोन आला. दोघी बहिणी एकच पुस्तक घ्यायच्या आणि शेवटावरून भांडायच्या, शाळेपासूनची खोड.

"ताई, वाचलास शेवट? कसलं दार आपटलंय बाईनं सासऱ्याच्या तोंडावर! मी शिट्टीच मारली."

"कुठलं दार? ती तर चहा टाकते."

"चहा?"

"आलं घालून."

केतकी खो खो हसली. मग म्हणाली, "वाच बरं मला."

दोघींनी आपापलं शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. माणसं तीच, घर तेच. केतकीच्या पानावर बाई बॅग उचलून निघाली होती. मृण्मयीच्या पानावर कपबशा मांडत होती.

फोन ठेवून मृण्मयीनं पाटीच्या सेटिंगमध्ये खोलवर हात घातला. एका कोपऱ्यात हिरवा दिवा होता: 'समजूतदार'. खाली बारीक अक्षरांत: 'चढलेला मजकूर, चढलेला आवाज सौम्य केला जाईल.'

समजूतदार! लहानपणी बाहुली धाकटीला देऊन टाकली, तेव्हा समजूतदार. लग्नात मानपानावरून टोमणे गिळले, तेव्हा समजूतदार. बाळंतपणाचे टाके ओले असताना पाहुण्यांना वाढलं, तेव्हाही. आता पुस्तकातसुद्धा?

पाटी आणि कर्णा उचलून ती हॉलमध्ये गेली. "निनाद, हे तू केलंस?"

नवऱ्यानं मान वर केली. "अगं, रेवा झाल्यावर किती चिडायचीस तू! म्हणून लावलं. झालीस ना शांत?"

"मी शांत नाही झाले. बोळक्या तोंडाला गुरगुट्या भात भरवावा, तसं वाचायला दिलंस मला! कोणाला विचारून?"

"हळू गं, रेवा उठेल."

टेबलावरच्या कर्ण्यातून लाडिक हुंकार आला. निनाद हसला. "बघ, लेक तरी समजूतदार आहे."

मृण्मयीनं ती बारीक अक्षरं पुन्हा वाचली. चढलेला आवाज. आणि त्याखाली, आणखी बारीक: 'लागू: संपूर्ण घर.'

ती धावली. खोलीचं दार तिच्यामागे आपोआप मिटलं.

रेवा लालबुंद झाली होती. मुठी आवळलेल्या, उशी भिजलेली, आवाज जुनेर टराटरा फाटावं तसा. मृण्मयीनं तिला छातीशी धरलं. हुंदके देत देतच पोर लुचू लागली. रोज दुपारी, पडदा ओढलेल्या काचेपलीकडे आई गोष्टी वाचत असताना, ही अशी?

"निनाद!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली. "पोर रडून रडून अर्धी झालीय! बंद कर ते, नालायका!"

भिंतीवरच्या, त्याच कर्ण्याला जोडलेल्या जाळीतून निनादचा आवाज आला, सायीसारखा मऊ.

"किती गोड हाक मारलीस गं. चहा टाकू?"

मृण्मयी बंद दाराकडे बघत राहिली. या दाराआडून आजवर मारलेली कुठली हाक बाहेर गेली होती? आणि आत्ता तो तरी खरंच चहाच म्हणाला होता का?