बिजलीचा पत्ता

शर्यतीत पिराजीची बिजली पहिली आली.

हे वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढं चला. कबनूरच्या कबुतर मंडळानंही तेच केलं. त्यांच्या निकालात पहिलं आलं ते अध्यक्षांचं, म्हणजे बाळासोचं कबुतर. आणि पन्हाळ्यावरून सुटलेली बिजली आलीच नाही.

"आलीच न्हाय कशी?" कुरुंदवाडचा पिराजी चौकीत उभा होता. "ह्या डोळ्यांनी बघितली. लाईट गेलती, शेडातलं यंत्रमाग बंद, सगळं गप हुतं. बिजली ढाबळीच्या पत्र्यावर उतरली. मी 'ये बिजले, ये' म्हणून वरडलो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि शेडमागं उडून गेली. बाळासोनंच गायब केली, साहेब."

"घरात आणखी कोण?" हवालदार प्रसेनजीतनं विचारलं.

"बिजली हुती की. पिल्लू असतानाच शर्यतीला दिली."

प्रसेनजीतनं तक्रार लिहून घेतली. कर्नाटक सीमेवरच्या नाक्यावरून बदली होऊन आल्यापासून त्याच्या खोलीवर एकदाच कुणीतरी आलं होतं. मीटर बघणारा. तोही शेजारचं घर समजून.

शर्यतीची रीत सोपी होती. सगळ्यांची पिल्लं एकाच ढाबळीत वाढवायची, एकाच जागेवरून सोडायची, आणि आधी आत शिरेल ते पहिलं. बाळासोच्या गच्चीवरच्या त्या ढाबळीत मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. काही कबुतरांच्या माना उलट्या फिरल्या होत्या.

"ह्यांच्या माना का वाकड्या?"

"पन्हाळा कुठं हाय ते बघत्यात, साहेब."

"आजारी वेगळी ठेवत नाही?"

"सामाईक ढाबळ हाय. सगळ्यांस्नी सारखी वागणूक."

"शर्यतीदिवशी काय झालं?"

"'आ, आ' करून घसा बसला माझा. एक बी पत्र्यावरनं उतरंना. शेवटी भुकेला कंटाळून माझं आत शिरलं."

"एरवी कोण उतरवायचं?"

"यल्लव्वा. चिकोडीकडची कानडी बाई. दाणापाणी तीच बघायची. लई बोलाय लागली. गर्दी कमी करा, आजारी बाजूला काढा. मग तिलाच बाजूला काढली."

यल्लव्वाची खोली यंत्रमागाच्या शेडमागं होती. प्रसेनजीत दाराशी पोचला आणि कडी वाजवायच्या आतच आतून मऊ आवाज आला.

"बा, बा."

आत बोलावलं! पोलिसाला! प्रसेनजीतनं बूट काढले आणि आत पाऊल टाकलं.

यल्लव्वा दचकली. पदर सावरत म्हणाली, "बर्री साहेब, बर्री. बसा."

"एकट्याच राहता, मावशी?"

"व्हय. मालक गेल्यापास्नं कोण न्हाय."

"बिजली इकडं आलती?"

"कबुतरं बाळासोंची. माझा काय संबंध?"

तिनं चहा दिला. चौकीपर्यंत प्रसेनजीत खुशीत होता. चौकीच्या पायरीवर त्याला एक शंका आली, आणि त्याचं तोंड उतरलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिघांना बाळासोच्या गच्चीवर उभं केलं.

"बिजली बाळासोंनी नेली नाही," तो म्हणाला.

"मग?" पिराजीनं विचारलं.

"कन्नडात पाहुण्याला 'या' म्हणायचं तर 'बर्री' म्हणतात. 'बा', म्हणजे 'ये', म्हणतात लेकराला, घरच्याला. मावशी, मला बघितल्यावर तुम्ही 'बर्री' म्हणालात. मग त्याआधी, घरात कुणी नसताना, 'बा' कुणाला म्हणालात?"



ती हाक मलाच आहे असं मी समजलो होतो, हे मात्र प्रसेनजीत म्हणाला नाही.

"बाळासो 'आ, आ' करत होते, पिराजी 'ये, ये' करत होते. ह्यातल्या एकाही कबुतराला मराठी येत नाही. सगळी मावशींच्या हाताखाली वाढलेली. बिजली पहिली आली, पण ओळखीची हाक न आल्यामुळं आत शिरली नाही. माग बंद होते, म्हणून शेडमागची हाक तिला ऐकू गेली."

"सवयीनं दाणं घिऊन दारात उभी हुते," यल्लव्वा म्हणाली. "रिकाम्या अंगणाला हाक मारली. ती आली. ठेवून घेतली की! परत ह्या कोंडवाड्यात मराय धाडू व्हय?"

"खोटं हाय हे!" बाळासो ओरडला. "कबुतराला कुठं कन्नड कळतंय?"

यल्लव्वा ढाबळीकडं वळली. "बा, बा."

सगळी ढाबळ तिच्या अंगावर आली. वाकड्या मानेचीही निघाली, पण जागच्या जागी गोल फिरत राहिली.

बिजली पिराजीला मिळाली. पण कुरुंदवाडला दार उघडलं, की ती थेट यल्लव्वाच्या अंगणात. पिराजी एसटीनं यायचा, न्यायचा, ती परत यायची. तो 'बा, बा' म्हणायलाही शिकला. उच्चार चुकत असावा.

शेवटी त्यानं चौकीत अर्ज दिला. प्रसेनजीतनं त्यावर शिफारस लिहिली आणि तो वर पाठवला:

"बिजली नामक कबुतराच्या डोक्यातील घराचा पत्ता 'कबनूर' हा रद्द करून 'कुरुंदवाड' अशी दुरुस्ती करून मिळावी. सदर दुरुस्ती शक्य नसल्यास, दारातून 'बा' म्हणणारे एक घर अर्जदारास, व एक खाली सही करणाऱ्यास, शासनाकडून मंजूर व्हावे, ही विनंती."