मागच्याचा दिवा

अनुपमचं खोपोलीत चष्म्याचं दुकान आहे. माणूस सरळ, गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा, आणि मोटरसायकलवर मुलूख पालथा घालायचं वेड असलेला. म्हणजे, होतं. हल्ली दुकानात चालत जातो आणि चालत येतो. का, तेच सांगायला बसलोय, तेव्हा जरा दमानं घ्या आणि मध्ये बोलू नका.

सुरुवात एका साध्या फोननं झाली. फोन कडावहून, अनसूयाबाईंचा. बाई म्हणजे अनुपमला शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई, आणि त्याच्या जिवलग मित्राची, मिहीरची, आई. मिहीर वर्षापूर्वी नेपाळात दरडीखाली गेला. मोटरसायकल नदीत सापडली, तो काही सापडला नाही.

"अनुपम, वर्षश्राद्ध आलं रे जवळ," बाई म्हणाल्या. "त्याआधी तुझं ते रस्ता दाखवणारं यंत्र मला आणून दे. शेवटच्या दिवशी पोरगं कुठकुठून गेलं, कुठे थांबलं, ते मला बघायचंय. नकाशा वाचता येतो मला."

"आणतो की, बाई," अनुपम म्हणाला.

आता हे यंत्र काय, ते ऐका. नेपाळातल्या मुस्तांगच्या वाटेवर मोबाइलला रेंज नसते, म्हणून दोघांनी अगदी एकसारखी दोन जीपीएस घेतली होती. हँडलवर बसवायची, थेट उपग्रहाकडून जागा विचारणारी. रस्ता तर दाखवायचीच, शिवाय जोडीदारही दाखवायची. तो पाच-सहा किलोमीटरच्या आत असला की पडद्यावर त्याचं नाव यायचं: पुढे की मागे, किती लांब, चालतोय की थांबलाय. आणि दोघांचे सगळे थांबे मिनिटासकट साठवून ठेवायची. यंत्राला कुणाची भीडमुर्वत नसते.

पण मिहीरचा यंत्रापेक्षा स्वतःच्या नियमावर भरवसा. फाटा आला की पुढच्यानं थांबायचं, मागच्याचा दिवा आरशात दिसला की मगच हलायचं. पुढचा दिसत नसेल तर मागच्यानं फाटा सोडायचा नाही. आणि मागचा येतच नसेल तर पुढच्यानं एकेक फाटा मागे यायचं, त्याला गाठायचं, बरोबर घेऊन जायचं. बॅटरी संपते, नियम संपत नाही, असं तो म्हणायचा. भीमाशंकरला जाताना काय, नि परदेशात काय, नियम तोच.

त्या दिवशी सकाळी दोघांची कुरबुर झाली होती. मिहीर दर वळणावर फोटो काढायला उतरायचा, आणि वरून गार पावसाची भुरभुर चालू. बेनी गाव सोडल्यावर रस्ता फुटला; एक नदीकाठानं, एक वर. अनुपम पुढे होता. तो थांबला नाही. येईल झक मारत, असं म्हणाला आणि वरच्या वाटेला लागला. चार किलोमीटरवर एका घरात चुलीशी बसून त्यानं चहा घेतला. पडद्यावर दिसत होतं, बरं का. 'मिहीर – मागे – ४ कि.मी. – थांबला.' बसू दे जरा, म्हणाला, आणि दुसरा चहा सांगितला. मग डोंगर गडगडला. तो परत आला तेव्हा फाटाच जागेवर नव्हता.

बाईंना त्यानं सांगितलं, पोलिसांना सांगितलं, बायकोला, सईलाही सांगितलं: मी फाट्यावर पंधरा मिनिटं थांबलो होतो, तो आलाच नाही. इतक्यांदा सांगितलं की त्याला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं. फक्त खणातल्या त्या यंत्राला खरं काय ते माहीत होतं.

म्हणून फोन ठेवल्यावर त्यानं दुकानातच यंत्र चार्जिंगला लावलं. मनात एकच: तेवढा एक दिवस पुसायचा आणि यंत्र बाईंच्या हाती द्यायचं. पडदा उजळला, उपग्रह सापडले, आणि खालच्या कोपऱ्यात नाव आलं. 'मिहीर – मागे – १९१२ कि.मी. – थांबला.'

अनुपमनं ते दोनदा वाचलं. मग त्यानं स्वतःची समजूत घातली, की जुनी नोंद आहे, यंत्र शेवटच्या जागेपासून अंतर मोजतंय, झालं. तर्क काही वाईट नव्हता. संध्याकाळपर्यंत आकडा तिळभर हलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही तोच. मग त्यानं तो दिवस उघडला आणि सगळं पुसलं. चहाचं घर पुसलं, थांबे पुसले, आणि शेवटी मिहीरनं स्वतः नकाशावर खूण करून ठेवलेला तो फाटा. 'नक्की पुसायचं?' यंत्रानं विचारलं. त्यानं हो म्हटलं.

फाटा गेला. नाव मात्र राहिलं. आणि नावापुढचा 'थांबला' हा शब्द तेवढा नाहीसा झाला.

दुपारी जेवून आला, बघतो तर १८४०.

आता तुमच्या ध्यानात आलं असेल, त्याच्याही आलं. वर्षभर जो फाट्यावर उभा होता, त्याच्या पायाखालचा फाटाच यानं काढून घेतला होता. थांबायला जागा उरली नाही, मग माणूस काय करणार? निघाला.

पुढचे दिवस अनुपमचे कसे गेले ते त्याचं त्याला ठाऊक. समोर गिऱ्हाईक बसलेलं, हा म्हणायचा, "खालची ओळ वाचा," आणि स्वतः वाचायचा काउंटरवरचा आकडा. सीमेवर आकडा अर्धा दिवस अडून राहिला. जातानाही तिथे कागदपत्रांसाठी त्यांचा एवढाच वेळ गेला होता. दिवसाला तीनशेच्या आसपास, सूर्य मावळला की मुक्काम. दुपारी जेवणानंतर वीस मिनिटं आकडा हलायचा नाही. मिहीरला जेवल्यावर पाठ टेकायला लागायची, झाडाखाली का होईना. ती वीस मिनिटं बघताना अनुपमला रडू आवरेना. भीती तर होतीच, पण त्या वीस मिनिटांत त्याला मित्राची फार आठवण आली.

यंत्र बंद करूनही बघितलं त्यानं. पण बंद केलं की आकडा दिसत नाही, आणि न दिसणारा आकडा जास्त छळतो. पुन्हा चालू करायचा. जेवण जाईना, बसवेना. सई विचारून थकली. बाईंचा फोन आला की म्हणायचा, चार्ज होत नाहीये, बघतो.

शनिवारी सकाळी आकडा होता ९६. बाईंचा फोन आला. "जसं असेल तसं आण रे. आज आण."

त्याला एकदम सुटल्यासारखं झालं. येतोय ना, मग त्याच्या आईच्या घरी येऊ दे! यंत्र तिथे दिलं की आपण मोकळे. असा विचार केला त्यानं, खोटं कशाला बोला. चारचाकी सई घेऊन गेली होती. वर्षभर झाकून ठेवलेली मोटरसायकल त्यानं बाहेर काढली, यंत्र हँडलवर बसवलं, आणि दुपारी कर्जतच्या रस्त्याला लागला.

ऑक्टोबरचं ऊन. दोन्ही अंगांना भात पिवळं पडलेलं, कापणी सुरू झालेली, ओल्या पेंढ्याचा वास. डोंगरावर परतीच्या पावसाचे ढग जमत होते, वारा पडला होता. तो निघाला तेव्हा २२ होते. पळसदरीजवळ येईतो सात. त्यानं वेग वाढवला, आकडा कमीच होत गेला. घशाला कोरड पडली म्हणून तो गजाच्या टपरीवर थांबला. गजा त्याला ओळखायचा. दोघं मित्र नेहमी इथेच थांबत.

"दोन ना?" गजानं आधण ठेवत विचारलं.

"एक."

"आन् मागल्यांना नको?" गजा रस्त्याकडे बघत म्हणाला. "भर दुपारचा दिवा लावून कोन येतंय. येकच दिवा हाय, पिवळा. डावीकडचा."

मिहीरच्या गाडीला दोन पिवळे दिवे होते. नेपाळात पोखऱ्याला गाडी आडवी झाली तेव्हा उजवा फुटला होता. हे गजाला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

त्यानं मागे वळून बघितलं. रस्ता रिकामा. लांबवर एक म्हैस तेवढी चालली होती.

"आत्ता तर व्हता," गजा म्हणाला. "वळनाआड ग्येला आसंल. पन आवाज नाय आला रं गाडीचा..."

चहाची वाट न बघता अनुपम निघाला. कर्जत ओलांडलं, चारफाट्याला आला. इथून कडावला वळायचं. टेंपो, रिक्षा, उसाच्या रसाचा घुंगरू, शनिवारची ही गर्दी. आणि पडद्यावर, 'मिहीर – मागे – ९०० मीटर.'

फाटा होता. नियम होता. आणि या वेळीही पुढचा अनुपमच होता.

पळावंसं वाटलं त्याला, फार वाटलं. पण एकदा पळाल्यावर काय झालं ते तो वर्षभर बघत होता. त्यानं गाडी कडेला घेतली, पाय टेकला, आणि आरशात बघत उभा राहिला. सहाशे. चारशे. घामानं शर्ट पाठीला चिकटला. दीडशे... ऐंशी... रसवाल्याचा घुंगरू आहे तिथेच वाजत होता, पण लांबून आल्यासारखा. नदीच्या गाळाचा वास आला, ओल्या खडीचा, आणि पाठीला अशी गार हवा लागली की ऑक्टोबरच्या कर्जतात ती कुणी अनुभवली नसेल. आरशात एक पिवळा दिवा होता. डावीकडचा. अनुपमनं डोळे मिटले.

"मिहीर..." तो पुटपुटला. "थांबलोय रे. या वेळी थांबलोय."

त्याच्या खांद्यावर हलकीशी थाप पडली. पुढे जाताना मिहीर नेहमी मारायचा, तशी.

टेंपोचा हॉर्न वाजला तेव्हा त्यानं डोळे उघडले. आरसा रिकामा होता. पडद्यावर शब्द बदलला होता. 'मिहीर – पुढे – ४० मीटर – थांबला.'

कडावपर्यंत प्रत्येक फाट्यावर तो पुढे थांबत गेला, अनुपम पोचला की हलत गेला. बाईंच्या दारात अंतर शून्य झालं, मग नाव मुरबाडच्या दिशेनं पुढे सरकलं आणि दिसेनासं झालं. अनुपमनं सुटकेचा श्वास सोडला. बाई ओटीवर बसल्या होत्या, मांडीवर नकाशांचं जुनं पुस्तक, हातात लाल पेन्सिल. त्यांनी यंत्र घेतलं आणि चष्मा लावला. चष्मा त्यानंच करून दिलेला होता.

"तू थांबला होतास ना रे तिथे?"

आता बघा, हीच वेळ होती. खरं बोलला असता तर कदाचित... पण माणूस सुटल्याच्या आनंदात होता. यंत्र पुसलेलं, मित्र पुढे निघून गेलेला.

"थांबलो होतो, बाई. पंधरा मिनिटं. तो आलाच नाही."

बाई पडद्यावर बोट फिरवत राहिल्या. मग वर्गात वाचायच्या तशा मोठ्यानं वाचू लागल्या. "फाटा. अनुपम, थांबा, शून्य मिनिटं. मिहीर, थांबा, एक तास बावन्न मिनिटं."

पुसलेला दिवस पडद्यावर परत आला होता.

"बाई, मी..."

"पुसलं होतंस?" त्यांनी चष्मा काढला. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. "शाळेतही तुझी खोडलेली उत्तरं मला दिसायची रे. जा आता घरी. सावकाश जा."

यंत्र त्यांनी ठेवून घेतलं. अनुपम मागे न बघता घरी आला, महिन्याभरात मोटरसायकल विकली, आणि वाटलं, संपलं. पण नियमाचा शेवटचा भाग तो विसरला होता. मागचा येत नसेल तर पुढच्यानं एकेक फाटा मागे यायचं.

बाईंचा पहिला फोन दिवाळीनंतर आला, सकाळी दहाला. "अनुपम, चारफाट्यावर आलाय. थांबलाय." बस्स, पडद्यावरचं तेवढंच. नद्यांची नावं लिहून घ्यायला सांगत, तोच आवाज. पंधरा दिवसांनी कर्जतच्या पुलाजवळ. मग पळसदरीला. संक्रांतीला खोपोलीच्या वेशीवर. अनुपम "हो बाई" म्हणायचा आणि फोन ठेवायचा. बाईंचा फोन न उचलायची हिंमत त्याला कधीच नव्हती.

परवा अवकाळी पाऊस झाला, सकाळी तासभर नुसता झोडपून गेला. दहाला फोन वाजला.

"तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आहे," बाई म्हणाल्या. "चाळीस मीटर."

"बाई, गाडी विकली मी... खरंच विकली."

"अरे, मग त्याच्या मागे बस ना. जागा असते की." मग फार मायेनं म्हणाल्या, "किती वाट बघायला लावणार आहेस रे त्याला?"

अनुपमनं फोन ठेवला आणि खिडकीतून बघितलं. गल्लीच्या तोंडाशी कुणी नव्हतं. रस्ता सगळा भिजून काळा झालेला, पागोळ्या गळत होत्या. फक्त कोपऱ्यावर एका मोटरसायकलएवढी लांबट जागा कोरडी होती. आणि तिच्या डाव्या अंगाला, टेकवलेल्या बुटाएवढी आणखी एक.