डेलची ओली पावलं

एलायजा अंकल फाटकापाशीच उभे होते. ते लंगडत पुढे आले. उजवी टाच निळ्या रबरी सपातेबाहेर लोंबत होती.

"पाय सुजलेत वाटतं," ते पुटपुटले. "ओकिमोतोबाई, तो काल रात्री पुन्हा आला होता."

"कोण?"

"डेल. पर्ल हार्बरवर माझ्या डोळ्यांदेखत बुडालेला."

ओकिमोतोबाई खासगी गुप्तहेर होत्या. मेलेल्यांची चौकशी त्यांच्या दरपत्रकात नव्हती. बेटावरच्या रिवाजाप्रमाणे दारात सपाता काढून त्या आत गेल्या. मागोमाग त्यांचा मदतनीस फेलिसियानो, गळ्यातला क्रूस चाचपत.

टेबलावर पदक होतं. हल्ल्यातून वाचलेल्यांना ते द्यायला सरकारला पन्नास वर्षांनी सवड मिळाली होती. शनिवारी सत्कार समारंभ.

"हे आल्यापासून रात्री पावलं वाजतात. काल मी ओरडलो, तसा पळाला. दिवा लावला तर पदक उशीवर, आणि उंबऱ्यापासून पलंगापर्यंत ओली पावलं. खाऱ्या पाण्याची!"

"बुटांची?"

"अनवाणी. बोटंसुद्धा उमटलेली."

"डेल कसा होता?"

"कॅन्ससचा खलाशी, माझा दोस्त. आमच्या घरात बूट घालून शिरायचा. माझ्या आईनं झाडूनं झोडपला, तरी काढायचा नाही. बुडाला तोही बुटांसकट." त्यांनी आवाज खाली आणला. "शुक्रवारी डॉक्टर येतोय. हे सांगितलं तर मला वृद्धाश्रमात धाडतील. नाही सांगितलं, तर रात्री तो आहेच."

अंकलच्या भाचीचा नवरा क्रेग बेटावरचा नव्हे, ओहायोचा. तो सोफ्यावर बुटांसकट पसरला होता.

"म्हातारा चळलाय. घर विका, मोकळे व्हा. मी तोंडावर बोलतो."

"घराची दुसरी किल्ली?" बाईंनी विचारलं.

"आमच्याकडे. भूत आम्हाला विचारून येत नाही!"

अंगणातून फटाक-फटाक आवाज आला. भाची नोहेआ तशाच निळ्या सपाता काढून भाताचं भांडं घेऊन आत आली.

"अंकल, दोन घास खा ना. बाई, यांना वृद्धाश्रमात बरं वाटेल हो."

फेलिसियानो कुजबुजला, "क्रेगच! चेहराच सांगतोय."

"चेहरा राहू दे. दारातल्या सगळ्या निळ्या सपाता आण."

त्यानं आणल्या. बाईंनी जोड लावले. अंकलच्या जोडात उजवी लहान. नोहेआच्या जोडात उजवी मोठी.

"हे भूत उंबऱ्याशी थांबलं, पायातलं काढलं आणि मग घाबरवायला आत आलं," बाई म्हणाल्या. "डेल झाडू खाऊन सुधारला नाही, तो समुद्राच्या तळाशी शिष्टाचार शिकला नसणार. क्रेग आत्ताही बुटात आहे. इथे वाढलेल्या माणसाचे पाय मात्र पाप करतानाही दारात थांबतात. अंकल ओरडले, नोहेआ पळाली आणि अंधारात एक सपात चुकली."

नोहेआनं भांडं खाली ठेवलं. क्रेग पहिल्यांदाच सोफ्यावर सरळ बसला.

"अंकल, मी फक्त..."

"म्हणजे डेल आलाच नव्हता," अंकल हळूच म्हणाले. ते सुटकेनं म्हणाले की दुःखानं, फेलिसियानोला कळेना.

मग ते नोहेआपासून दोन पावलं मागे सरले. डेलचं नाव घेतानाही ते असे सरले नव्हते.

"भुताला किल्ली लागत नाही, पोरी. तुला मी माझ्या हातानं दिली होती. ठेव इथे."

किल्ली टेबलावर पडली, पदकाशेजारी.

"आणि माझी सपात सोडून जा. शनिवारी मला चालत जायचंय."