दोन उजवी चाकं

डॉ. निशिगंधा "आ करा" म्हणाली, तेव्हा खुर्चीतल्या माणसानं तोंडाऐवजी डबा उघडला.

जेवणाचाच डबा, स्टीलचा. पण आत कापसाच्या गादीवर पितळेच्या पट्ट्या निजलेल्या होत्या, नखाएवढ्या.

"याले भोक पाडून द्याल का? अर्ध्या मिलिमीटरचं."

"कुठली दाढ दुखतेय?" तिनं विचारलं. दिग्रसमध्ये सहा वर्षं दातांचा दवाखाना चालवल्यावर माणूस सहसा दचकत नाही.

"दाढ..." तो थांबला. तिच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. "दाढ नाई जी. बोट हाय."

बोटीचं प्रकरण असं होतं. कोकणात एका बंदरावर नवं संग्रहालय उघडणार होतं. त्यांना 'गिरिजा' नावाच्या जुन्या आगबोटीची हुबेहूब छोटी प्रतिकृती हवी होती. दोन्ही अंगांना पाणचक्कीसारखी दोन मोठी चाकं, ती फिरली की बोट चालायची. हे काम खुर्चीतल्या या माणसानं, सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातल्या फिटरनं, मागून घेतलं होतं. त्याचं नाव नयन. त्यानं समुद्र पाहिलेला नव्हता.

"समुद्र न बघता बोट?"

"चाक तं समजते न मले. जिनिंगात सारं चाकावरच चालते." मग जरा हळू, "काम पसंत पडलं तं तिथंच नोकरी देतो म्हणले. कायमची."

"बरंच आहे की," निशिगंधा म्हणाली. त्या दिवशी तिला ते खरंच बरं वाटलं होतं. "दोन ते चार येत जा. तेव्हा पेशंट नसतात."

पेशंट नसत हे खरं. त्या वेळात डॉक्टरीणबाई झोपत असत, हे फक्त मानीबाईला ठाऊक होतं. दवाखान्यातले नंबर लावणं, फरशी पुसणं आणि लोकांच्या भानगडी समजून घेणं ही तिन्ही खाती मानीबाईकडे होती.

तर दोन ते चार. ती दात कोरायच्या यंत्रानं पितळ कोरायची, तो पलीकडच्या टेबलावर चाक जुळवायचा. एका चाकाला अकरा पट्ट्या, एका पट्टीला दोन भोकं. यंत्र सूंऽऽ करायचं, बाहेर कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या असायच्या. तो आला की त्याच्या केसांत, भुवयांत कापूस अडकलेला असे. एके दिवशी तिनं चिमटा उचलला आणि त्याच्या पापणीवरचा एक तंतू काढला.

"दुखलं?"

"नाई... भूल दिल्यावानी झालं."

"भूल द्यायच्या आधी मी सही घेते."

"द्या कागद. कुठं करू?"

मानीबाईनं दारात बादली जरा जोरात ठेवली.

चहा तो मान उजवीकडे कलती करून प्यायचा. निशिगंधाला ती लकब फार गोड वाटे. दातांच्या डॉक्टरला त्यात आणखीही काही दिसायला हवं होतं, पण माणूस गोड दिसायला लागला की शिक्षण मागे पडतं.

मंगळवारी दुसरं चाक तयार झालं. नयन चहा सांगायला खाली गेला होता. मागच्या बाजूचं भोक नीट बसलंय का, हे पाहायला निशिगंधानं सवयीनं तोंडात घालायचा छोटा आरसा चाकामागे धरला. आरशात चाक अगदी बरोबर दिसलं... आरसा बाजूला केला. चूक!

तिनं पुन्हा धरला. पुन्हा बरोबर. पुन्हा काढला.

चाकाच्या पट्ट्या तिरक्या असतात, म्हणजे पाण्यात सुरीसारख्या शिरतात. डावं चाक हे उजव्याचं आरशातलं रूप असावं लागतं, जशी डाव्या पायाची चप्पल. आतली बाजू वेगळी असल्यानं ते उलटवूनही बसत नाही. नयननं एकाच नकाशावरून दोन्ही चाकं केली होती. दोन्ही उजवी. डाव्या अंगाचं चाक पाणी कापणार नव्हतं, पाण्याला थपडा मारणार होतं. संग्रहालयाचा कुणीही जाणकार एका नजरेत बोट बाद करणार होता.

आणि बोट बाद म्हणजे नोकरी नाही. नोकरी नाही म्हणजे तो दिग्रसलाच. दोन ते चार.

जिन्यावर पावलं वाजली. निशिगंधानं आरसा खिशात टाकला.

"कसं झालं जी?"

"छान," ती म्हणाली. आयुष्यात तिनं कुणाचा किडका दात छान म्हटला नव्हता.

बुधवार गेला. गुरुवारी तर आरसा हातात घेणंच जड झालं. कुणाच्याही तोंडात धरला तरी त्यात ते चाक फिरायचं. शुक्रवारी एका सज्जन गृहस्थाच्या भलत्याच दाढेवर तिनं यंत्र टेकवलं; त्यानं वेळीच आरडाओरडा केला म्हणून निभावलं. नयन मात्र खुशीत होता. सोमवारी सकाळी सातची एसटी. बोटीसाठी त्यानं खोकं केलं होतं, आत सारा स्वतःच्या शेतातला कापूस.

शनिवारी दोन वाजता तो खोकं घेऊनच आला. "डावं चाक बसवतो अन् बंद करतो. तुमाले शेवटचं दाखवाव म्हटलं."

त्यानं चाक उचललं. बोटीच्या डाव्या अंगाला नेलं...

"थांब!"

तो थांबला. पाच आठवड्यांत ती प्रथमच त्याला अरे-तुरे करत होती.

निशिगंधानं खिशातून आरसा काढून चाकामागे धरला. नयननं आरशात पाहिलं, चाकाकडे पाहिलं, पुन्हा आरशात. त्याचा चेहरा उतरत गेला.

"दोनी उजवे..." तो म्हणाला. खुर्चीवर बसला. पेशंटच्याच. मग विचारलं, "आता दिसलं तुमाले?"

'हो' म्हणायला एक अक्षर लागतं. तेवढ्यात सगळं मिटलं असतं. हुशार डॉक्टर, वेळेवर पाहिलं, उपकार झाले!

"मंगळवारी."

"मंगळवारी?" त्यानं बोटांवर दिवस मोजले. "चार दिवस काहून चूप बसल्या मंग?"

खाली जिनिंगचा ट्रक हॉर्न वाजवत होता. तो थांबेपर्यंत ती थांबली.

"बोट चुकली असती तर तू इथेच राहिला असतास. म्हणून."

नयन तिच्याकडे पाहत राहिला. रागानं की कशानं, तिला कळेना. माणसाच्या तोंडात शिरून ती सगळं ओळखायची. बंद तोंडाचा तिला अभ्यास नव्हता. मग तो उठला, डबा उघडला, उरलेल्या पितळेतून पहिली पट्टी कापली आणि तिच्यापुढे धरली.

बावीस भोकं. चार वाजता पेशंट आले, मानीबाईनं त्यांना "यंत्र बिघडलं" म्हणून परत पाठवलं. यंत्र तिच्यामागे सूंऽऽ करत होतं. रविवारी दवाखाना बंद असतो. मानीबाईनं स्वतः येऊन कुलूप काढलं. दोन दिवसांत तो "धरा", "सोडा", "अजून थोडं" एवढंच बोलला. चुकीबद्दल एक शब्द नाही. त्यानं भांडण काढलं असतं तरी तिला परवडलं असतं.

रविवारी पाच वाजता त्यानं नवं चाक बसवलं, बोटानं ढकललं. दोन्ही चाकं एका लयीत फिरली. 'गिरिजा' कोकणात जायला तयार होती. तो खोकं उचलून निघून गेला.

सोमवारी पावणेसातला निशिगंधा बसस्टँडवर होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. नयन खोकं मांडीवर घेऊन खिडकीशी बसला होता. ती दिसताच त्यानं खिडकीतून स्टीलचा डबा बाहेर दिला. आत जुनं चाक.

"चुकलं नाई ते," तो म्हणाला. "दुसऱ्या बोटीचं उजवं हाय. डावं तेवढं करा लागेल. इथंच करू... सुट्टीत."

तिनं डबा बंद करून काखेत धरला.

"अन् अजून एक हाय. तुमी चारच दिवस लपवलं. मी पाच आठवडे." त्यानं डाव्या गालावर हात ठेवला. "पह्यल्या दिवशी दाढेसाठीच आलतो. डबा कामावरचा हातात होता. तुमाले पाह्यलं अन् वाटलं, दाढ दाखवली तं हे एका दिवसात काढून देईन. मंग उद्या कायले यायचं?"

"आ कर," निशिगंधा म्हणाली.

"इथं?"

"आ!"

कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून थांबला. आख्ख्या एसटीनं माना वळवल्या. निशिगंधानं टाचा उंचावून खिशातला आरसा खिडकीतून आत घातला, मोबाईलचा उजेड धरला.

"खूप खोल गेलंय," ती म्हणाली. "काढायची नाही. वाचवायची."

"तिथंबी असतीन न डॉक्टर?"

"असतील. जाऊन तर बघ!"

तो हसला. आ केलेलंच होतं, त्यामुळे मोठं हसू झालं. एसटी हलली तेव्हा तोंडातून काढलेला आरसा त्याच्याच हातात राहिला होता.

दवाखान्यात मानीबाई वही घेऊन बसली होती. निशिगंधानं डबा टेबलाच्या खणात ठेवला आणि म्हणाली, "नयनचं नाव लिही. रूट कॅनाल. त्याच्या पहिल्या सुट्टीपासून."

"किती खेपा लिहू?"

"अकरा."

रूट कॅनालला तीन खेपा लागतात, हे मानीबाईला सहा वर्षांत पाठ झालं होतं. तिनं पेन्सिल ओली केली आणि बावीस लिहिल्या.