संस्कृतीचं बोट

प्राचार्यांच्या खिडकीखाली रिओ नावाच्या झाडाची कुंडी आहे. वरून हिरवी, खालून जांभळी पानं. त्यातलं एक पान हळूच खुडायला मी वाकले, तर पलीकडून तेच पान कुणीतरी धरलेलं. भुरभुर पाऊस चालू होता, त्याच्या चष्म्यावर थेंब साचले होते, मी त्याला धड दिसतही नसणार… तरी सोडेल तर शपथ. मी ओढलं, त्यानं ओढलं, पान फाटलं.

"जांभळी बाजू तू घे," तो म्हणाला. "मला हिरवी चालंल."

"झूलॉजीचा दिसतोस."

"कशावरनं?"

"पानाच्या बाजू भाकरीच्या पापुद्र्यासारख्या वाटून देणारा बॉटनीत पास होत नाही."

तो हसला. भांडताना समोरचा हसला की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी फिरलं नाही, तिथंच मी ओळखायला हवं होतं.

तो आदिनाथ. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका खेड्यातला, संगमनेरात खोली करून राहणारा. दोघंही शेवटच्या वर्षाला, पण तीन वर्षांत कधी समोरासमोर आल्याचं मला आठवत नव्हतं. पुढच्या आठवड्यात खेड्यांतल्या शाळांची मुलं आमची प्रयोगशाळा बघायला येणार होती. एक टेबल सरांनी आम्हाला दिलं. झाडाच्या पेशी माझ्याकडे, रक्ताच्या आदिनाथकडे, आणि मुलांना समजावून सांगायला त्याच्या वर्गातली संस्कृती नावाची मुलगी. त्याच दिवशी नगरहून डॉक्टर हमिदा मॅडमही येणार होत्या. त्यांची रक्त तपासायची लॅब आहे आणि त्यांना हाताखाली शिकवून तयार करायला एक मुलगा हवा होता. सरांनी आदिनाथचं नाव सुचवलं होतं. टेबल नीट पार पडलं तर नगरचं काम, नाहीतर परीक्षा झाली की चाकणला कंपनीत. हे त्यानं मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं, आणि सांगताना काचपट्टी पुसत राहिला.

माझा प्रयोग सोपा. पानाच्या जांभळ्या बाजूची पातळ साल काढायची, काचपट्टीवर ठेवायची, वर मिठाचं दाट पाणी सोडायचं. पेशीतलं पाणी मिठाकडे निघून जातं, आतला जांभळा रंग आकसून मधोमध गोळा होतो, बाहेरची भिंत मात्र जागची हलत नाही. मग साधं पाणी सोडलं की पेशी परत भरते, टम्म होते, पण भिंत असल्यामुळे फुटत नाही. आदिनाथनं हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मायक्रोस्कोपवरचा डोळा काढेचना. माझी वेणी त्याच्या मनगटावर पडली होती. मी ती उचलली नाही… त्यानंही हात हलवला नाही.

"परत भरली गं," तो म्हणाला. "मला वाटलं मेली."

"झाडाची आहे. इतक्यात नाही मरत."

"आन् मानसाची?"

"ते तुझं खातं."

माणसाच्या रक्तपेशीला भिंत नसते, हे त्यानं मला शिकवलं. शंभर मिली पाण्यात पॉइंट नऊ ग्रॅम मीठ असलं, म्हणजे सलाईन, की ती गोल गरगरीत राहते. मीठ जास्त झालं की आकसते, कडा सुरकुततात. आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकली की पाणी नुसतं आत शिरत राहतं, ती फुगते, फुगते आणि फुटते. सगळं छान सांगायचा. पण सरावासाठी रोज एक थेंब रक्त लागायचं, आणि तिथून माझ्या पोटात दुखायला लागलं.

तो रोज संस्कृतीचं बोट धरायचा.

स्पिरिटनं पुसायचा. नवी सुई काढायचा. "दुखलं तर सांग" म्हणायचा. थेंब घेतल्यावर कापूस दाबून धरायचा, आणि तो कापूस किती वेळ दाबावा याला काही मर्यादा? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी नखं कापली, बोटांवरची शाई घासून काढली, मावशीची मोत्याची अंगठी घातली आणि हात टेबलावर त्याच्या नाकासमोर ठेवला. त्यानं तो अलगद बाजूला सरकवला, तिथं गूळ-शेंगदाण्याचा लाडू ठेवला आणि म्हणाला, "खा." रक्त तिचं, लाडू मला. मी काय उपाशी दिसत होते?

बरं, संस्कृती वाईटही नव्हती. वाईट असती तर निदान भांडता आलं असतं. ती मला तिच्या वह्या द्यायची, माझ्या पेशींचं कौतुक करायची, आणि मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून जळत बसायचे. हो, जळकी आहे मी. माझी आईसुद्धा म्हणते.

शाळेची मुलं यायच्या दिवशी बाटल्या भरायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर चांगलं. लेबलं लावून झाली. मान वर केली तर आदिनाथ संस्कृतीच्या बोटावर फुंकर घालत होता. फुंकर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन उचलला आणि 'सलाईन' लिहिलेली बाटली त्या पाण्यानं गळ्यापर्यंत भरली. फुटू दे मेलीचं रक्त, एवढंच डोक्यात होतं. ती बाटली आदिनाथ वापरणार, डॉक्टर मॅडमसमोर वापरणार, हे त्या क्षणी मला आठवलंच नाही.

आठवलं तेव्हा मुलं दाटीवाटीनं टेबलाभोवती उभी होती आणि हमिदा मॅडम मायक्रोस्कोपवर वाकल्या होत्या.

"आधी नेहमीच्या पेशी दाखव," त्या म्हणाल्या होत्या. आदिनाथनं परीक्षानळीतल्या 'सलाईन'मध्ये थेंब मिसळून काचपट्टी लावली होती. मॅडमनी बघितलं, भिंग फिरवलं, पुन्हा बघितलं. पेशी कुठायत, असं विचारलं. त्यानं घाईनं दुसरी काचपट्टी केली. तीही रिकामी. परीक्षानळीतलं गढूळ लाल पाणी सरबतासारखं आरपार दिसायला लागलं होतं. त्यानं बाटली उचलली, लेबल बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. मला वाटलं, आता नाव घेणार.

"चूक माझी हाय मॅडम," तो म्हणाला. "मी तपासून घ्यायला पायजे हुतं."

मॅडमनी फक्त पर्स खांद्याला लावली. साधं सलाईन करता येत नाही अशा मुलाला लॅबमध्ये कोण घेईल? त्या वळल्याही. मी टेबलापुढे आले.

"मॅडम, बाटली मी भरली. मुद्दाम चुकीची."

"का?"

खोटं बोलायला वेळच नव्हता. "कारण तो रोज हिचंच बोट धरतो. माझं एकदाही धरलं नाही."

मुलं खिदळली. सर खडू शोधायच्या निमित्तानं फळ्याकडे वळले. संस्कृतीनं आपली टोचून टोचून दुखरी झालेली बोटं बघितली आणि म्हणाली, "अगं, मग सांगायचं तरी. मला कुठं हौस आहे?"

हमिदा मॅडमनी पर्स पुन्हा खाली ठेवली. नवं सलाईन कर म्हणाल्या, आणि रक्त या मुलीचंच घे. मी हात पुढे केला. मला लाजही वाटत होती आणि, काय सांगू, आनंदही होत होता.

आदिनाथनं मान हलवली. "हिचं न्हाई घेनार."

"का रे?"

तो अगदी हळू बोलला, पण मी जवळच होते. "जूनमधल्या रक्त तपासायच्या शिबिरात हिचं हिमोग्लोबिन साडेआठच आलं हुतं. नोंद मीच करत हुतो."

म्हणजे कुंडीपाशी भेटायच्या आधीपासून त्याला माझं नाव माहीत होतं. आणि तो गूळ-शेंगदाण्याचा लाडू…

मॅडम म्हणाल्या, एका थेंबानं काही कमी होत नाही, एवढं तरी तुला कळायला हवं.

"कळतं मॅडम. बाकी कुनाचंबी काढतो. हिला सुई टोचायची म्हनलं की हातच थरथरतो."

"मग माझ्याकडे काम कसं करशील?"

"तिथं ही नसनार ना."

 मग त्यानं स्वतःचं बोट माझ्यापुढे धरलं. मी स्पिरिटनं पुसलं, सुई टोचली. माझा हात अजिबात थरथरला नाही. जूनपासून गप्प बसल्याचा राग होता ना. त्यानं मीठ तोलून सलाईन केलं, आणि काचपट्टीवर गोल गरगरीत पेशीच पेशी दिसल्या. मॅडमनी बराच वेळ बघितलं. सोमवारपासून नगरला ये, म्हणाल्या. कॉलेजचं वेळापत्रक सरांशी बोलून बसवू. मला सरांनी महिनाभर सगळी काचेची भांडी धुवायला लावली. धुतली. संस्कृतीची माफीही मागितली.

सोमवारी सकाळी मी स्टँडवर गेले. नगरची गाडी लागली होती. आदिनाथ पायरीवर एक पाय ठेवून उभा होता, चढत नव्हता.

"रोज चाळीस-पन्नास जनांचे हात धरावे लागतील," तो म्हणाला. "बायाबी असतील, पोरीबी. चालंल तुला?"

मी खरंच विचार केला. सगळ्या पोरी एकेक करून डोळ्यांपुढे आणल्या. कंडक्टरनं घंटी मारली.

"नाही चालणार," मी म्हणाले. "पण जा."

त्यानं माझा हात धरला, भर स्टँडात, सगळ्यांदेखत. गाडी हलली तरी सोडेना, म्हणून मीच सोडवला.