एक ठोका

सन दोन हजार एकोणीस. थंडी सरून उन्हाळा लागत होता. मी लेकीला म्हणालो, "रविवारी मनोऱ्याची दोन तिकिटं काढ. सकाळचीच. मी चढणार."

"बाबा, तीनशे बारा पायऱ्या आहेत!"

"मला सांगतेस? त्यातल्या चाळीस मी बसवल्यात."

"आणि तुमचे गुडघे कोण बसवणार?"

"गुडघ्यांना विचारलंय कुणी?"

तिला कारण ठाऊक नव्हतं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी मी आणि माझा जोडीदार त्या मनोऱ्याच्या दुरुस्तीवर गवंडी होतो. जिना गोल, अंधारा. हाक नुसती घुमते, शब्द कळत नाहीत. म्हणून रीत अशी, की उतरणाऱ्याने थापीच्या मुठीने भिंतीवर दोन ठोके द्यायचे. वाट धड असेल तर खालच्याने एक ठोका द्यायचा, नसेल तर ठोकत राहायचं. त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. मी एक पायरी उखडून ठेवली होती. वरून दोन ठोके आले. थांब म्हणून ठोकत राहायचं सोडून मी फुगून बसलो. त्याने तीनदा विचारलं. मग तो उतरला.

पायरी मी दुसऱ्या दिवशी बसवली. त्याचा काय उपयोग!

तेव्हापासून दुपारी आडवा झालो की उशाशी भिंतीत दोन ठोके पडतात. चार घरं बदलली. ठोके तेच. मी उत्तर दिलं नाही ते भिऊन नव्हे. जिथलं देणं तिथेच द्यायचं.

रविवारी पहारेकऱ्याने मला वयाची पाटी दाखवली. मी त्याला थापी दाखवली. तो हसला. "जा आजोबा. वर अजून कुणी नाही, पहिले तुम्हीच."

एकशे नव्वदाव्या पायरीच्या अलीकडे मी थांबलो. मी उखडली होती तीच पायरी. ओल्या चुन्याचा वास आला. चुना तिथे कुठेच नव्हता.

वरून दोन ठोके आले.

"बाबा... वर काम चाललंय का?"

मी थापी उलटी धरली. भिंतीवर एक ठोका दिला. जोरात.

पावलं उतरू लागली. सावकाश. आमच्याजवळ येऊन थबकली. पायरीवर कुणीतरी आधी एक पाय टेकवून पाहिला, मग दुसरा.

"सरका बाबा," लेक भिंतीला चिकटून कुजबुजली, "त्यांना जाऊ द्या..."

मी सरकलो. पावलं खाली गेली.

उरलेल्या पायऱ्या मी न थांबता चढलो. देणं फिटलं होतं.