दोन बोटं जागा

विद्युलतेला कुणाला काही विचारायची सवयच नव्हती, आणि अंबुजाबाईंच्या मते घरातल्या निम्म्या कटकटींचं मूळ तेच होतं. पडदे बदलले, विचारलं नाही. ऊर्मीचे केस मानेपर्यंत कापून आणले, विचारलं नाही. आणि दोन हजार सात सालच्या त्या उन्हाळ्यात, एग्मोरच्या नळाला दिवसाआड पाणी येत असताना, सात वर्षांच्या पोरीचं नाव तिनं बर्फावर घसरायच्या वर्गात घातलं, तेही विचारलं नाही.

"बर्फावर?" अंबुजाबाई म्हणाल्या. "चेन्नईत? मे महिन्यात?"

"आत एसी हॉल आहे, आई. सुट्टीत पोरं किती कंटाळतात."

"बर्फाचा कारखाना पाहिलाय मी. तिथं मासळी ठेवतात."

सून पुण्याची, बँकेतली. अंबुजाबाई तंजावरच्या, शाळेशी त्यांची ओळख तिसरीपर्यंतची. पण पोर शिकलेल्या बाईची असो की अडाण्याची, ती वाढते सारखीच, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. त्यामुळे बुटांची गोष्ट निघाली तेव्हा त्या स्वतः बरोबर गेल्या. मुलगा उदयसिंह शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात होता. त्याच्या कोरियन साहेबांनी आपल्या देशातून दोन जोड्या मागवून दिल्या होत्या. बसेल ती ठेवा, दुसरी परत द्या.

अड्यार मागे टाकून समुद्राच्या रस्त्याला लागलं की एक करमणुकीची बाग होती, तिच्यातच तो बर्फाचा हॉल. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. आत दार लोटलं की घाम अंगावरच गार होई. पांढरे दिवे, ओल्या रबराचा वास, जमिनीखालून येणारी यंत्रांची घरघर. अंबुजाबाईंनी पदर कानावरून घट्ट घेतला आणि बाकावर बसल्या.

शिकवणारी भव्या तमिळ मुलगी, विशीची. तिनं ऊर्मीला लहान जोडी घातली. पांढरं कातडं, घोट्याच्या वर चढणारं, खाली पोलादी पातं. "पाट्टी, बघा," ती आजींना तमिळमधून म्हणाली. "बोटं पुढं नुसती टेकली पाहिजेत. टाच उचलली जाता कामा नये. मोजा पातळच हवा."

अंबुजाबाईंनी बघितलं नाही. त्यांनी बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. पोरांचे बूट घेताना जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. अंगठ्याखाली लगेच पोरीचं नख लागलं.

"जागाच नाही. दिवाळीपर्यंत टाकून द्यावे लागतील." त्यांनी मोठी जोडी घालायला लावली. आता अंगठा मऊ कातड्यात खोल गेला. टाचेमागे दोन बोटं सहज शिरली. "हे घ्या."

"आई, चप्पल नाहीये ही. बुटाखाली सुरी लावलीय. पाय आत हलला तर पोरीचा घोटा मोडेल."

"मग पुढं कापूस भर. आम्ही काय पोरं झाडावर वाढवली?"

भव्यानं विद्युलतेकडे पाहिलं. विद्युलतेनं लहान जोडी खोक्यात ठेवली. समोरासमोर मात्र सासूपुढं तिचं चालत नसे.

पहिले वर्ग रडण्यात गेले. ऊर्मी कठड्याला लोंबकळायची, बूट एकीकडे आणि पाय एकीकडे. विद्युलता दर वेळी नाड्या सोडून पुन्हा आवळायची, आणि ते आवळणं अंबुजाबाईंना टोमण्यासारखं ऐकू येई.

मग एके दिवशी पोर उभी राहिली. कठडा सोडला. हळूच पुढं गेली.

"पाहिलंस?" अंबुजाबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनीच बुटांतला कापूस वाळवायला काढला. ओला होता, आणि घरच्या उकाड्यातही गार. पार टोकाकडच्या बाजूला, जिथं तो कातड्याला टेकत होता, तिथं त्यात पाच लहान खळगे होते. एकापेक्षा एक लहान, ओळीनं. ऊर्मीची बोटं कापसाच्या अलीकडे असायची. हे खळगे पलीकडचे होते.

दाबून भरला असेल, असं म्हणून अंबुजाबाईंनी तो टाकून दिला. पुढच्या खेपेला पोरीला कापसाशिवायच बूट घातले आणि सवयीनं अंगठा दाबला. टोकाला बोट लागलं.

"वाढली गं पोर!" त्यांनी बाकावरच्या बायकांना ऐकू जाईल असं सांगितलं.

विद्युलतेनं घरी आल्यावर ऊर्मीला जुनी चप्पल घालायला लावली. चप्पल होती तेवढीच सैल होती. तिनं सासूकडे पाहिलं. सासू भाजी निवडत राहिली.

मे संपत आला. हॉलमध्ये त्या दिवशी पोरं कमी होती. ऊर्मी बर्फाच्या मधोमध होती. एक पाय मागे उचलून ती उलटी जात होती, मोठ्या वळणानं, आवाज न करता. बाकीची पोरं थांबून बघत होती.

"छान शिकवलंस हो," अंबुजाबाई भव्याला म्हणाल्या.

भव्याचा चेहरा उतरला होता. "पाट्टी, मी हे शिकवलेलं नाही. मला स्वतःला येत नाही."

ऊर्मी वळणावरून जवळ आली तेव्हा तिचा चेहरा दिसला. ओठ घट्ट मिटलेले, डोळे आजीवर खिळलेले. पाय नाचत होते आणि वरची पोर भेदरून गेली होती.

अंबुजाबाईंनी कठड्यावरून हात टाकून तिला धरलं. पाय लगेच थांबले नाहीत.

"काय करतेयस गं?"

"मी नाही करत, आजी," ऊर्मी कुजबुजली. "ती करते. मी नुसती मागं सरकून बसते. पण आता मला जागा पुरत नाही."

सासूसुनांनी मिळून तिला बाकावर बसवलं. विद्युलतेनं नाड्या सोडल्या. पाय बाहेर आले. पांढरेफटक, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखे सुरकुतलेले, बोटं तळव्याकडे आखडलेली. ती सरळ होईनात.

रिकामे बूट रबरावर शेजारी शेजारी उभे होते.

अंबुजाबाई वाकल्या. अंगठा टोकावर ठेवला. एवढ्या गारठ्यात कातडं कोमट होतं.

दाबला.

खाली नख लागलं.

त्यांनी आणखी दाबला, आणि आतलं बोट दुखल्यासारखं मागे सरलं.

त्यांनी हात झटकन मागे घेतला. विद्युलतेनं त्यांचा चेहरा पाहिला, मग स्वतः अंगठा ठेवला. काढलेला हात ती पदराला पुसत राहिली, टॅक्सीत बसेपर्यंत, घर येईपर्यंत.

सकाळी बूट घरात नव्हते. विद्युलतेनं ते उदयसिंहाच्या हाती परत पाठवले होते, आणि संध्याकाळी लहान जोडी आली. तिनं विचारलं नव्हतं. पहिल्यांदाच अंबुजाबाईंनी त्यावरून तोंड उघडलं नाही.

नव्या बुटांत ऊर्मी धपकन पडली आणि गळा काढून रडली. ते रडणं ऐकून सासूसुनांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि विद्युलता चक्क हसली. पोरीची बोटं पुन्हा सरळ झाली होती.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी सकाळी विद्युलता ऊर्मीला गणवेश घालत होती. अंबुजाबाईंनी तो नेहमीप्रमाणे शिंप्याकडून ऐसपैस शिवून घेतला होता.

"आई, बघता जरा? बटणं लागत नाहीत. लहान शिवला वाटतं."

अंबुजाबाई आल्या. खांदे दंडावर उतरले होते. बाह्या कोपराखाली लोंबत होत्या. कापड मात्र छातीवर आणि पाठीवर ताणून बसलं होतं.

ऊर्मी अंग चोरून उभी होती. गर्दीच्या बसमध्ये शेजारच्याला जागा द्यावी तशी.

"मी पोट आत घेतलंय, आजी," ती हळूच म्हणाली. "श्वासपण धरलाय."

अंबुजाबाईंनी तिच्या पाठीवर तळवा ठेवला. पोर खरोखरच श्वास धरून होती. गाल फुगलेले, मान ताठ.

तळव्याखाली कापड सावकाश वर आलं, आणि खाली गेलं. पुन्हा वर आलं.

अंबुजाबाईंनी हात काढला नाही. त्या सुनेकडे वळल्या. आवाज चढला नव्हता.

"विद्युलता," त्या म्हणाल्या, "बुटात होती, तिथं बरी होती. कुणाला कुठून हाकलायचं, ते आधी मला विचारायचं होतंस."